पिकअपचें स्टिअरिंग : जडपणा, दुरुस्ती आणि फेरफार

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां मालवाहू पिकअप उभी आहे. कांदा, टोमॅटो, द्राक्षें, दूध हा माल बाजारीं नेण्यास ट्रॅक्टर-ट्रॉली सावकाश पडते आणि ट्रक फार मोठा होतो. ती मधली गरज या गाडीनें भागविली आहे. यांतील बऱ्याच गाड्या दुसऱ्या हातच्या, दहा-बारा वर्षें राबलेल्या, आणि केवळ मागील दोन चाकांस इंजिनची ओढ मिळणाऱ्या अशा आहेत. अशा जुन्या गाडीचा धनी प्रथम जी तक्रार करतो ती बहुधा एकच : "स्टिअरिंग फार जड आहे." आणि तिजवर गॅरेजांतून जो उपाय सुचविला जातो तोही बहुधा एकच : "जुना बॉक्स काढा आणि पॉवर स्टिअरिंग टाका." हा उपाय केव्हां योग्य, केव्हां अनावश्यक आणि केव्हां जीवावर बेतणारा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय हातीं घेण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. माझे चुलतबंधू जुन्नर तालुक्यांत ओतूरच्या बाजूस शेती करतात. त्यांनीं जुनी पिकअप घेतली. स्टिअरिंग जड म्हणून ती एका गॅरेजांत नेली. तेथें भंगारांतून आणलेला, दुसऱ्याच जातीच्या गाडीचा पॉवर बॉक्स तिला बसविण्यांत आला. बॉक्सची जागा बदलल्यामुळें चाकाकडे जाणारा दांडा चार बोटें अपुरा पडला; तेव्हां तो मधोमध कापून नळीचा तुकडा वेल्डिंगनें जोडला. चार महिने गाडी "एका बोटानें फिरते" म्हणून बंधूंस मोठें समाधान होतें. एका रात्रीं कांदा भरून ते माळशेज घाटानें वाशीस गेले व माल उतरवून त्याच वाटेनें परत आले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं खळ्यांत गाडी वळवून लावतांना तो दांडा जोडावर तुटला. चक्र हातांत मोकळें फिरूं लागलें, आणि गाडी उकिरड्यावर जाऊन थांबली. कोणास इजा झाली नाहीं. मीं तुटलेलें तोंड पाहिलें तों त्याचा निम्म्याहून अधिक भाग गंजून काळा पडलेला व उरलेला मात्र ताजा, चकचकीत होता. म्हणजे तडा कित्येक दिवसांचा होता, आणि त्या तड्यासह ती गाडी आदल्या रात्रीं माळशेज उतरली व चढली होती.

यंत्रणा

चालकाच्या हातांतील चक्र फिरलें म्हणजे त्याखालचा दांडा स्टिअरिंग बॉक्समधील आटेदार स्क्रूस फिरवितो. बॉक्सचें काम विहिरीवरील रहाटासारखें आहे : हाताचा थोडा जोर लांब फेऱ्यानें घ्यावयाचा आणि तो आंखूड हालचालींत मोठा करून द्यावयाचा. चक्र सुमारें २० अंश फिरावें तेव्हां पुढचें चाक एक अंश वळावें, अशा प्रमाणाचे बॉक्स हातबळाच्या गाड्यांत नेहमींचे होत. बॉक्सबाहेर जो लोंबता हात दिसतो त्यास मिस्त्री पिटमन आर्म म्हणतात. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक एका पुढच्या चाकाच्या स्टबला ढकलते वा ओढते. आणि दोन्ही स्टब टाय रॉडनें एकमेकांस बांधलेले असल्यामुळें दुसरें चाकही त्याबरोबर वळतें. स्टब ज्या उभ्या खुंटीभोंवतीं फिरतो ती किंग पिन. बंधूंच्या गाडींत जी तुटली ती ड्रॅग लिंक. सबंध यंत्रणेंत हात आणि चाक यांस जोडणारा तो एकच दुवा आहे, त्याला पर्याय नाहीं.

पुढें अखंड ॲक्सल व पाटे असलेल्या पिकअपची रचना ही अशी असते. कांहीं गाड्यांत पुढचीं चाकें स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात व किंग पिनच्या जागीं बॉल जॉइंट येतात. परंतु पुढील विवेचनाचा बराच भाग त्यांसही लागू पडेल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडींत एक सोय आहे, ती ध्यानांत ठेवण्याजोगी. पुढच्या ॲक्सलमधून इंजिनची गति नेणारे शाफ्ट नसल्यामुळें किंग पिन, बेअरिंगें व टाय रॉड हे भाग मोकळे, हाताशीं असतात आणि त्यांची तपासणी घरच्या घरीं करतां येते.

वळणावर आंतलें चाक लहान वर्तुळांत व बाहेरचें मोठ्या वर्तुळांत चालतें. बैलगाडीस याची अडचण नाहीं, कारण तिचीं दोन चाकें एकाच आंसावर स्वतंत्र फिरतात आणि वळविण्याचें काम बैलांचें. पण चार चाकांच्या गाडीचीं पुढचीं दोन्ही चाकें सारख्याच अंशानें वळविलीं तर एक तरी घांसत जाणारच. म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेन्श्पेर्गर यानें १८१७ सालीं घोडागाड्यांकरितां याचा तोडगा काढला आणि १८१८ सालीं रुडॉल्फ ॲकरमन यानें इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें. मूळ शोधकाचें नांव मागें पडून पेटंटवाल्याचें राहिलें. असें पुष्कळदां होतें. असो. ती युक्ति अशी : स्टबपासून मागें निघालेले, टाय रॉड धरणारे दोन हात किंचित् आंत झुकविलेले असतात, इतके कीं त्यांच्या रेषा वाढविल्यास त्या मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ मिळाव्या. पुढच्या व मागच्या चाकांत ३ मीटर आणि दोन किंग पिनांत १.४ मीटर अंतर असलेली गाडी घेऊं. वळणाचा मध्य आंतल्या किंग पिनाच्या रेषेपासून ५ मीटरांवर असला तर आंतलें चाक सुमारें ३१ अंश आणि बाहेरचें सुमारें २५ अंश वळावें लागतें. हा सहा अंशांचा फरक त्या दोन हातांच्या तिरपेपणांत सांठविलेला आहे. नवा बॉक्स किंवा मोठें चाक बसावें म्हणून हे हात तापवून वांकविणारे मिस्त्री मीं पाहिले आहेत. गाडी चालते खरी. पण प्रत्येक वळणावर टायर जमिनीवर रंध्यासारखा घांसत जातो, शिवाय तापविलेल्या पोलादाची मूळची मजबुती उरत नाहीं ती वेगळीच.

नकळत होणारा फेरफार

किंग पिन सरळ उभी नसते. तिचा माथा किंचित् मागें कललेला असतो. या कलास कॅस्टर म्हणतात. दवाखान्यांतील चाकांची खाट ढकलली म्हणजे तिचीं चाकें आपोआप मागें वळून सरळ धांवूं लागतात, तोच हा गुण. वळण संपल्यावर हात सैल सोडतांच चक्र परत मध्यावर येतें तें यामुळें. कॅस्टर वाढला तर गाडी सरळ धांवते पण वळवितांना जड लागते. कमी झाला तर वळविण्यास हलकी पण मोकळ्या रस्त्यावर भरकटणारी होते. हातबळाच्या मालगाडीस निर्मात्यानें तो बेतानेंच, थोडेच अंश दिलेला असतो.

आतां आपण होऊन, स्टिअरिंगला हातही न लावतां, आपले लोक स्टिअरिंगमध्यें जो फेरफार करतात तो सांगतों. माल अधिक बसावा म्हणून मागच्या पाट्यांत एक-दोन पानें वाढवितात. त्यामुळें रिकाम्या गाडीचा मागचा भाग, समजा, ५ सेंटिमीटर उंच झाला. तीन मीटरांच्या लांबींत ५ सेंटिमीटर म्हणजे सबंध चेसिस जवळजवळ एक अंश पुढें झुकली, आणि तिच्याबरोबर किंग पिनचा माथाही तितकाच पुढें आला. मुळांत दोन-तीन अंश असलेल्या कॅस्टरमधून एक अंश गेला म्हणजे तिजोरीचा मोठाच भाग रिता झाला. बाजारांतून रिकामी परततांना "गाडी डुलते, रस्ता धरीत नाहीं" अशी जी तक्रार ऐकूं येते तिचें मूळ पुष्कळदां या जादा पानांत सांपडतें. आणि मालक मात्र टाय रॉडचे बॉल जॉइंट बदलीत बसतो.

याच्या उलट बाजूचा धोका अधिक वाईट आहे. मागच्या ॲक्सलच्याही मागें लटकणारा बोजा तराजूच्या दांडीप्रमाणें पुढचीं चाकें उचलूं पाहतो. उसाचें वाढें, लोखंडी पाइप, बांबू, फाळक्यावर रचलेलीं जादा क्रेट यांचा हा परिणाम होतो. पुढचीं चाकें हलकीं झालीं कीं स्टिअरिंगही हलकें होतें. चालकास तें सुखाचें वाटतें. वस्तुतः चाकाची रस्त्यावरील पकडच सुटत चाललेली असते. हातबळाच्या स्टिअरिंगवर निदान हाताला हा हलकेपणा जाणवतो. पॉवर स्टिअरिंगमध्यें तें आधींच हलकें असल्यामुळें अनुभवी ड्रायव्हरही फसतो.

रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिमा यांविषयीं दोनच शब्द. किंग पिनची रेषा खालीं वाढविली तर ती टायरच्या मध्याजवळ जमिनीस टेकावी, अशा बेतानें मूळ रिम केलेली असते. रिम बाहेर गेली कीं या दोन बिंदूंतील अंतर वाढतें, आणि प्रत्येक खड्डा त्या अंतराच्या कांबीनें चक्रास हिसका देतो. बेअरिंगवरही ताण वाढतो. शोभेकरितां हें करूं नये.

जडपणाचें निदान

स्टिअरिंग जड लागतें याचा अर्थ बॉक्स निकामी झाला असा नव्हे. माझ्या पाहण्यांत आलेल्या जड गाड्यांपैकीं बहुतेकींचा दोष हवा, ग्रीस आणि झीज या तिघांपैकीं एकाचा होता. निदानाची रीत पुढीलप्रमाणें ठेवावी.

प्रथम टायरमधील हवा निर्मात्याच्या आंकड्याइतकी भरावी. मग गाडी सपाट जागीं उभी करून, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांस पुढून-मागून दगडांचें अटकण द्यावें. पुढचा ॲक्सल जॅकनें उचलून त्याखालीं भक्कम ठोकळे ठेवावे. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखालीं कोणीही शिरूं नये. आतां चक्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहावें. उचललेल्या स्थितींत तें हलकें फिरलें, तर दोष टायर, वजन किंवा चाकांच्या कोनांत आहे. उचलूनही जड राहिलें, तर ड्रॅग लिंकचें चाकाकडील टोंक सोडवावें. मग चक्र हलकें झालें आणि चाकें हातांनीं वळवितांना जड लागलीं, तर किंग पिन किंवा तिच्याखालचें वजन पेलणारें बेअरिंग कोरडें पडलें आहे. चक्र जडच राहिलें, तर दोष बॉक्समध्यें वा दांड्यांत आहे : ऑइल आटलें असेल, किंवा "खेळ काढण्यासाठीं" कोणीतरी वरचा ॲडजस्टिंग स्क्रू प्रमाणाबाहेर आंवळला असेल. हा दुसरा प्रकार फार आढळतो. खेळ टाय रॉडच्या सांध्यांत असतो, आणि आंवळला जातो बॉक्स.

तोच जॅक लावलेला असतां झीजही तपासावी. चाक वर-खालीं धरून हलवावें. खेळ जाणवला तर दुसऱ्यास ब्रेक दाबण्यास सांगावें. खेळ नाहींसा झाला तर चाकाचें बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंग पिन झिजली आहे. चाक डाव्या-उजव्या बाजूंनीं धरून हलवितांना खेळ आला तर टाय रॉडचे बॉल जॉइंट पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ वा नियम चक्राचा मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक असूं नये, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्या आणि जोडणीचे बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्या, असें सांगतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारें साडेदहा सेंटिमीटर होतात. ही कायद्याची शेवटची मर्यादा होय. शहाण्या मालकानें त्याच्या निम्म्यावरच दुरुस्तीस लागावें.

चाकांचें टो-इन घरीं मोजतां येतें, तें प्रत्येकानें शिकून घ्यावें. मागच्या चाकांनीं ढकलली जाणारी गाडी धांवूं लागली म्हणजे रस्त्याचा अडथळा पुढच्या चाकांस किंचित् बाहेर फांकवितो. म्हणून उभ्या स्थितींत तीं पुढच्या बाजूस अगदीं थोडीं, कांहीं मिलिमीटरच, आंत वळलेलीं ठेवतात. ॲक्सल उचललेला असतांना प्रत्येक टायरच्या मध्यावर खडू चोळावा आणि खिळा स्थिर धरून चाक फिरवावें, म्हणजे बारीक रेघ उमटेल. गाडी खालीं उतरवून थोडी पुढें ढकलावी, चाकें सरळ ठेवावीं, आणि हबच्या उंचीवर पुढच्या बाजूस दोन रेघांमधील अंतर फितीनें मोजून त्या जागीं खूण करावी. नंतर ती खूण हबच्याच उंचीवर मागें येईपर्यंत गाडी पुढें ढकलून तेंच अंतर पुन्हां मोजावें. मागील अंतरांतून पुढील वजा केलें कीं टो-इन निघालें. त्याचा योग्य आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत पाहावा. शेजाऱ्याच्या गाडीचा आंकडा आपल्या गाडीस लावूं नये.

पॉवर स्टिअरिंग

वरील सर्व करूनही गाडी जड राहते, चालक वयस्क आहे, रोज बाजाराच्या गर्दींत वळवावें लागतें, अशा वेळीं पॉवर स्टिअरिंगची इच्छा रास्त आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. ही कल्पनाही नवी नव्हे. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनीअरानें १९२६ सालीं पियर्स-ॲरो मोटारीवर असा संच चालवून दाखविला होता. परंतु बाजारांत विकल्या जाणाऱ्या मोटारीस तो मिळण्यास १९५१ साल उजाडावें लागलें, जेव्हां क्रायस्लर कंपनीनें तो आपल्या इंपीरियल गाडीस दिला.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप ऑइलला जबर दाब देतो. चक्राच्या दांड्यांत एक बारीक पिळदार सळई असते. चालकानें जोर लावला कीं ती किंचित् पिळते, तेवढ्यानें झडप उघडते आणि ऑइल बॉक्समधील दट्ट्यास त्या बाजूस ढकलतें. हात सैल पडला कीं सळई सरळ होते व मदत थांबते. पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलें तरी हात व चाक यांचा धातूचा दुवा कायम राहतो, म्हणून गाडी वळते. मात्र ती कशी वळते हें जाणून असावें. आतां बॉक्समधील ऑइलही हातानेंच ढकलावें लागतें. शिवाय पॉवर बॉक्सचें प्रमाण बहुधा आंखूड, म्हणजे चक्राचे फेरे कमी व हाताचा फायदाही कमी. तेव्हां बंद पडलेलें पॉवर स्टिअरिंग जुन्या हातबळाच्या स्टिअरिंगपेक्षांही जड लागतें. डिझेल वांचविण्यासाठीं घाट उतरतांना इंजिन बंद करण्याची जी खोड आपल्याकडे कांहीं चालकांस आहे ती अशा गाडींत आत्मघाताची होय. स्टिअरिंग तर जड होतेंच, पण ब्रेकला व्हॅक्यूमची मदत देणारी व्यवस्थाही दोन-चार वेळां पेडल दाबल्यावर रिती होते.

फेरफार करावयाचा तर आमचे मतें एकच मार्ग सुरक्षित आहे : त्याच निर्मात्याच्या, त्याच जातीच्या गाडीस कारखान्यांतूनच पॉवर स्टिअरिंग मिळत असल्यास तिचा संपूर्ण संच घ्यावा. बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, पंप, पंपाचा ब्रॅकेट, पुल्या, दाबाची व परतीची नळी आणि ऑइलची टांकी हें सर्व एकाच संचांतील असावें. बॉक्स एका गाडीचा, आर्म दुसरीचा आणि लिंक वेल्डिंगची, असा संसार टिकत नाहीं. याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण ताकदीचें. पॉवर बॉक्स चाकावर लावतो तितकाच जोर चेसिसवरही उलट लावतो. हातबळाच्या बॉक्ससाठीं केलेली पातळ जागा कांहीं काळानें बोल्टांच्या भोंकांभोंवतीं फाटते. निर्मात्यानें पॉवरच्या गाडीस तेथें जाड पट्टी दिलेली असल्यास तीही घेतली पाहिजे. ड्रॅग लिंक, टाय रॉड, पिटमन आर्म व स्टबचे हात हे घडीव पोलादाचे असतात. त्यांस दर क्षणीं एकदां ओढ व एकदां दाब सोसावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें जोडाशेजारचें पोलाद ठिसूळ होतें, आणि तडा तेथूनच सुरू होतो. वेल्डर कितीही कुशल असो, या चार भागांवर वेल्डिंग करूं देऊं नये.

दुसरें कारण मापाचें. खड्ड्यांत चाक वर-खालीं होतें तेव्हां ॲक्सल सरळ रेषेंत न जातां पाट्याच्या बांधलेल्या टोंकाभोंवतीं कंसांत फिरतो. ड्रॅग लिंकही पिटमन आर्मच्या टोंकाभोंवतीं कंसांतच फिरते. हे दोन कंस जुळावे अशा बेतानें निर्मात्यानें बॉक्सची जागा ठरविलेली असते. बॉक्स चार बोटें खालीं वा मागें बसला कीं कंस फांकतात, आणि प्रत्येक खड्ड्यासरशी चाकें आपणहून वळूं लागतात. हें तपासण्याची सोपी रीत अशी : चाकें सरळ ठेवून चक्र एकानें घट्ट धरावें, चेसिसखालीं जॅक लावून तिचा पुढचा भाग चाकें जमिनीवरून न सुटतील इतकाच उचलावा व पुन्हां उतरवावा. चाकें सरळ राहिलीं तर ठीक. डावी-उजवीकडे गेलीं तर त्या गाडीस रस्त्यावर आणूं नये. बंधूंच्या गाडीची ही परीक्षा कोणी घेतली असती तर ती त्याच दिवशीं नापास झाली असती.

कायद्याची बाजू थोडक्यांत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें ५२ वें कलम, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई करतें. आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत हें कलम कडकपणेंच वाचलें. सबब काम सुरू करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावें. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दर वर्षीं घ्यावा लागतो, तेव्हां लपवाछपवीचा उपयोग नाहीं. आणि अपघात झाल्यावर वेल्डिंगचा जोड पंचनाम्यांत उघडा पडतोच.

संच बसल्यावर गाडी लगेच बाजारास जुंपूं नये. ऑइल भरून पुढचीं चाकें उचललेल्या स्थितींत चक्र सावकाश दोन्ही टोंकांपर्यंत फिरवावें, म्हणजे आंतली हवा बुडबुड्यांनीं निघून जाते; टांकींत फेंस दिसेनासा होईपर्यंत हें करावें. दोन्ही टोंकांस चाकांचा अटकाव करणारा बोल्ट बॉक्सच्या आंतल्या टोंकाआधीं टेकला पाहिजे. टायर वा ब्रेकची नळी कोठें घांसत नाहीं हें पाहावें. मग पडीक रानांत रिकामी, नंतर अर्ध्या मालाची गाडी चालवावी. सपाट मोकळ्या जागीं, अगदीं चालीच्या वेगानें, एकदां इंजिन बंद करून ती वळवून पाहावी. किल्ली मात्र कुलपाच्या जागीं नेऊं नये, नाहींतर चक्रच अडकेल. ज्यास त्या स्थितींत ती वळवितां येत नाहीं त्यास घाटांत ती गाडी देऊं नये. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर बॉक्सचे बोल्ट, पिटमन आर्मचा नट आणि सर्व स्प्लिट पिना पुन्हां तपासाव्या.

बंधूंच्या गाडीचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. तिचा मूळचा हातबळाचा बॉक्स सुदैवानें गोठ्यांत पडून होता. तो खोलून पाहतां त्यांत कांहीं दोष नव्हता. वरचा स्क्रू मात्र गच्च आंवळलेला होता. किंग पिना इतक्या कोरड्या होत्या कीं डाव्या बाजूची घणानें काढावी लागली. ग्रीसच्या निपलांवर रंगाचे थर बसले होते, म्हणजे वर्षानुवर्षें त्यांतून ग्रीस गेलेंच नव्हतें. दोन्ही किंग पिना, त्यांचीं बुशें व बेअरिंगें, नवी ड्रॅग लिंक आणि टाय रॉडचे दोन बॉल जॉइंट बसविले, मागचीं दोन जादा पानें काढलीं, टो-इन पुस्तिकेप्रमाणें केलें. गाडी बोटानें फिरत नाहीं. आडतीसमोर जागच्या जागीं वळवितांना बंधूंस अद्यापि दोन्ही हातांनीं जोर करावा लागतो, आणि ते तसें तक्रारीच्या सुरांत मला दर भेटींत सांगतात. रस्त्याला लागल्यावर मात्र ती सरळ धांवते. ग्रीसगन आतां गाडींतच असते व दर आठवड्याच्या बाजारानंतर किंग पिनांस ग्रीस मिळतें. पुढील हंगाम बरा गेला तर ही गाडी देऊन कारखान्यांतूनच पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी घेण्याचा त्यांचा विचार आहे.